कै. दत्तूअण्णा, हयात

१८ फेब्रुवारी. माझ्या डायरीत त्या दिवशीचं काम: एका जिवंत माणसाकडून तो जिवंत असल्याचं लिहून आणणे.

आमच्या कृषी महाविद्यालयात मी मुख्य लिपिक आहे. उत्पन्नाचे, रहिवासाचे, जातीचे दाखले तपासण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. पण ज्या माणसाला मी स्वतःच्या हातानं कागदावर मारलं, त्याच्याच दारात जाऊन 'मी मेलेलो नाही' असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं, हे काम पहिल्यांदाच आलं होतं.

हा माणूस म्हणजे दत्तूअण्णा. कागदावर दत्तात्रय गोविंद, आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. वय ऐंशीच्या पुढे, गाव रहिमतपूरच्या पलीकडे, शेती आल्याची आणि उसाची. आमच्याकडची सगळ्यात नवी शिष्यवृत्ती त्यांनी ठेवली आहे. रस्त्याकडेचा एक तुकडा विकला आणि आलेलं सगळं शेतकी शिकणाऱ्या मुलांसाठी देऊन टाकलं.

अण्णांची ख्याती अशी की, त्यांना काहीही विचारा, ते लगेच उत्तर देत नाहीत. म्हणतात, "दत्तूला इचारून सांगतो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दत्तू म्हणजे मुलगा असेल, नाहीतर वकील. शिष्यवृत्तीचा करार प्राचार्यांनी वाचून दाखवला आणि विचारलं, "मान्य आहे ना, अण्णा?"

"दत्तूला इचारून सांगतो," म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

माझ्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. तिथल्या शिरीषाच्या झाडाखाली अण्णा आमच्याकडे पाठ करून उभे होते. टोपी हातात. दोनदा मान हलवली. एकदा 'नाही' अशी. मग कोणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखे बराच वेळ उभे राहिले. झाडाखाली माझी स्कुटी होती, बाकी कोणी नव्हतं. मी खुर्चीवरून उठून नीट पाहिलं.

परत आले आणि म्हणाले, "दत्तू व्हय म्हनला. पर एक अट घाल म्हनला."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, दत्तू म्हणजे तुम्हीच ना?"

"कागदावर मीच की," अण्णा म्हणाले आणि खिशातून चष्मा काढून पुसायला लागले.

अट अशी होती: गुण कितीही असोत, ज्या विद्यार्थ्याचा भाऊ किंवा बहीण शाळा सोडून कामाला लागलीय, त्यालाच शिष्यवृत्ती द्यायची. आणि शिष्यवृत्ती घ्यायला येताना त्या भावाला किंवा बहिणीला बरोबर आणायचं. खुर्ची त्याला द्यायची, विद्यार्थी उभा राहिला तरी चालेल. प्राचार्य म्हणाले, "हे सिद्ध कसं करायचं?" मी म्हटलं, सोपं आहे, भावाचा शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. अण्णा माझ्याकडे बघून इतके खूश झाले की त्या दिवसापासून मी त्यांची 'क्लार्कीणबाई' झाले.

पहिली शिष्यवृत्ती जतकडच्या एका मुलीला मिळाली. तिच्याबरोबर तिचा मोठा भाऊ आला, मेंढरं राखणारा, खांद्यावर घोंगडं, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. अण्णांनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि मुलीला बाजूला ठेवून तासभर त्यालाच विचारत बसले. कितवीत सोडलीस? बाकावर कुठं बसायचास? आता त्या जागेवर कोन बसतं? त्या बिचाऱ्याला घाम फुटला. जाताना मला हळूच म्हणाला, "बाई, ह्ये आजोबा माज्याकडं बगत न्हाईत. माज्या मागं बगत्यात."

ते मीही पाहिलं होतं. दत्तूअण्णांना नावानं हाक मारली की ते आधी मागं वळून बघतात. मागं कोणी नाही अशी खात्री झाली की मग 'ओ' देतात. बँकेत नंबर पुकारला, दवाखान्यात नाव घेतलं, तरी तेच. गावातली माणसं हसतात. "अण्णा, तुमालाच बोलावलंय गड्या, मागं कोन बी न्हाई," म्हणतात. अण्णा म्हणतात, "बगून घ्यावं. हाक दुसऱ्याची आसली तर?"

शेतातही त्यांचं तसंच. आल्यासाठी मातीच्या गाद्या ओढल्या की शेवटची एक गादी ते कधीच लावत नाहीत. ती दत्तूची. तिला खत नाही, पाणी नाही, औषध नाही. गडी सांगतात, तिथं आपोआप आलं उगवतं आणि ते सगळ्यात चांगलं येतं. मी म्हटलं, शेजारच्या गादीचं पाणी झिरपत असेल आणि आल्याचे जुने कंद जमिनीत राहिले असतील. गडी म्हणाला, "आसंल. पर मग तितं खुरपायला आमी का जात न्हाई?" खतवाला प्रतिनिधी तर अण्णांकडे जायचाच बंद झाला. तीन वेळा त्यानं नवीन पोती दाखवली, तिन्ही वेळा अण्णा बांधावर जाऊन आले आणि म्हणाले, "दत्तू नगं म्हनतोय." तिसऱ्या वेळी त्यानं विचारलं, "अण्णा, दत्तूला थोडं कमिशन दिलं तर?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "त्येला पैशाची काय गरज?"

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे आधीपासून अकरा शिष्यवृत्त्या आहेत आणि अकराही 'कै.'पासून सुरू होतात. माणूस गेल्याशिवाय त्याच्या नावानं काही काढायची आपल्याकडे रीत नाही. माझ्या संगणकात तोच नमुना वर्षानुवर्षं आहे. पाटीचा मजकूर करताना मी नाव बदललं, गाव बदललं, 'कै.' तसंच राहिलं. दगडावर अक्षरं कोरणाऱ्यालाही शंका आली नाही. पाटीवर नाव आलं म्हणजे माणूस गेला, हे त्याच्या धंद्यात गृहीतच असतं.

गेल्या महिन्यात पाटीचं अनावरण झालं. प्रमुख पाहुणे सांगलीहून आले, उशिरा आले, आणि त्यांना कोणाची ओळख करून द्यायला वेळ मिळाला नाही. पडदा ओढला. पाहुण्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "कैलासवासी दत्तात्रय गोविंद यांच्या स्मरणार्थ." प्राचार्य पुढे सरकायच्या आत पाहुण्यांनी माईक धरला होता.

"दत्तात्रय गोविंद यांच्या जाण्यानं या मातीचा एक जाणकार हरपला," ते म्हणाले. शेजारच्या खुर्चीत अण्णा मान डोलावत होते. "आज ते आपल्यात नाहीत." अण्णा खेदानं चुकचुकले. "आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहू."

सगळ्यांच्या आधी अण्णा उभे राहिले. टोपी काढली, डोळे मिटले. मग तीनशे माणसं उभी राहिली, कारण ज्याला श्रद्धांजली वाहायची तोच उभा राहिल्यावर इतरांनी बसून कसं राहायचं? अर्ध्या मिनिटानं पाहुण्यांनी प्राचार्यांना कुजबुजत विचारलं, "हे शेजारचे गृहस्थ कोण?"

"दत्तात्रय गोविंद," प्राचार्य म्हणाले.

पाहुण्यांनी अण्णांच्या पायांकडे पाहिलं. बूट जमिनीला टेकलेत का ते बघत होते, असं मला वाटलं.

दोन मिनिटं संपली, सगळे बसले. अण्णा मात्र तसेच उभे, त्या पाटीकडे बघत. गालावरून पाणी ओघळत होतं. मी पुढे झाले. "अण्णा, माझी चूक झाली. उद्याच दुरुस्त करून घेते."

"तुमाला कुनी सांगितलं, क्लार्कीणबाई?"

"काय?"

"कै. लावा म्हनून."

"कोणी नाही. हातून गेलं."

"मग हातानं बरूबर लिवलं," ते म्हणाले. "लय वर्सांनी."

मला वाटलं, म्हातारा मला सांभाळून घेतोय. पण त्या दिवसापासून अण्णा असे काही खुलले की बघत राहावं. गावात कोणी चेष्टा केली, "अण्णा, कावळा शिवला का?", तर म्हणायचे, "शिवला की. तुज्या घरावरचाच हुता, उपाशी." दर सोमवारी एसटीनं कॉलेजात यायचे, पाटीसमोर पाच मिनिटं उभे राहायचे आणि परत जायचे. शिपायानं विचारलं, "अण्णा, काय बघता दर वेळी?" तर म्हणाले, "भेटाय आलोय." शिपाई त्यानंतर पाटीसमोरचा व्हरांडा झाडायला दुपारी जातो, एकटा जात नाही.

आनंदात नव्हत्या त्या त्यांच्या बायको, राधाकाकू. त्यांचा मला रोज फोन. "तुमी माझं कुंकू दगडावर पुसलंय, बाई! हळदीकुंकवाला गेलं तर शेजारीन आदी माझं कपाळ बगती, मग वान देती. नवरा हितं भाकऱ्या खातोय आन तितं कॉलेजात त्येची समाधी!"

चूक माझी होती, त्यामुळे मी ऐकून घेत होते. शेवटी संस्थेच्या बैठकीत ठरलं: दानकर्त्यानं आपण हयात असल्याचं लिहून द्यावं, म्हणजे 'कै.' खोडता येईल. महिनाअखेर लिहून दिलं नाही, तर पाटीच उतरवून गोदामात टाकायची. हयात माणसाचं स्मारक भिंतीवर ठेवणं बरं दिसत नाही, असं एक सभासद म्हणाले. तेव्हा मी मजकूर टाइप केला, तीन वेळा वाचला आणि स्कुटी काढली.

भर दुपारची वेळ. अण्णांच्या वस्तीवर जाणारा रस्ता उसातून जातो, दोन्ही बाजूला पुरुषभर उंच ऊस. वारा नव्हता. तरी माझ्या डाव्या हाताला पाला सळसळत होता, अगदी माझ्या वेगानं. मी थांबले, तोही थांबला. पुढे निघाले, तोही निघाला. मला भीती वाटत नाही. जनावर असेल तर दिसेल, माणूस असेल तर बोलेल. दोन्ही झालं नाही. वस्ती आली आणि सळसळ थांबली.

अण्णा ओट्यावर होते. राधाकाकूंनी चहा आणला. तीन कप. एक मला, एक अण्णांना, तिसरा ओट्याच्या कडेला.

"तुम्ही घेत नाही काकू?" मी विचारलं.

"त्यो माझा न्हवं. ह्येंना दोन लागत्यात, एक गरम आन एक गार. लगीन झाल्यापासनं ह्योच छंद." मग नवऱ्याकडे वळल्या. "आवं, गुमान सई करा. मी दळन घिऊन येती तवर त्यो कागूद झाला पायजे. न्हाई तर आज मी तुमच्या नावानं पिंडच करून वाढती, कै. हाय न्हवं तुमी!"

त्या डबा घेऊन गिरणीकडे गेल्या. मी कागद पुढे केला. अण्णांनी चष्मा लावून एकेक शब्द वाचला. "मी, दत्तात्रय गोविंद, आज रोजी हयात असून..." आणि पेन खाली ठेवलं.

"ह्यावर सई न्हाई करनार."

उन्हातून आले होते, मला परत जायचं होतं. मी जरा तिरसटपणे म्हणाले, "का? दत्तूला विचारून येता का?"

"दत्तूला काय इचारायचं, बाई? त्यो हयात न्हाई, ह्ये त्येलाच ठावं हाय."

मी पेनाला टोपण लावलं.

"दत्तू माझा थोरला भाऊ," अण्णा म्हणाले. "मी म्हादू."

ते मेढ्याकडचे. डोंगरातलं वीस-पंचवीस उंबऱ्यांचं गाव. दत्तू शाळेत जायचा, हुशार. म्हादू म्हसरं राखायचा, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. दत्तू दुसरी पास झाला आणि त्या उन्हाळ्यात तापानं गेला. तीन दिवसांत. जूनमध्ये गुरुजी घरी आले. पट एकानं जरी कमी झाला तरी शाळा बंद होणार होती. गुरुजी वडिलांना म्हणाले, नाव कमी करत नाही, धाकटा पाठवा, त्याच नावावर बसवतो.

"तिसरीत बसवलं मला. अक्षर ठावं न्हाई. पयल्या दिशी हजेरी घेतली. 'दत्तात्रय गोविंद!' मी काय बोललो न्हाई. मागं वळून बगितलं. वाटलं, आला आसंल."

मीही नकळत मागं वळून पाहिलं.

"दुसऱ्यांदा हाक मारली. तवा गुरुजींनी डोळं वटारलं, मग म्हनालो, हजर."

पुढच्या वर्षी ते कुटुंब डोंगर उतरून या बाजूला आलं. इथं सगळ्यांना दत्तूच माहीत झाला. शाळेचा दाखला, सातबारा, मतदान, आधार, सगळीकडे दत्तू. मी कागदांत जन्म काढलेली बाई आहे, पण अशी फाइल माझ्यासमोर कधी आली नव्हती. एक भाऊ कागदावर मेलाच नाही आणि दुसरा कागदावर जन्मलाच नाही.

"पण अण्णा," मी म्हटलं, "आजपर्यंत याच नावानं हजार सह्या केल्यात तुम्ही."

"त्येच्या वतीनं केल्या. त्येचं काम आडू नये म्हनून. पर त्यो जित्ता हाय, असं कवाच लिवलं न्हाई. त्ये खोटं व्हईल." त्यांनी कडेचा गार झालेला कप उचलला. "गुरुजी म्हनायचे, दत्तू शेतकीच्या कालिजात जानार. माझं डोकं सातवीला थांबलं. त्येची जागा मी आडवून बसलो आन रिकामी ठेवली. म्हनून ती शिष्यवृत्ती. त्येच्या नावची. आन तुमी त्येच्या म्होरं कै. लावलंत. त्येचा एक फोटो न्हाई बाई, मीच काय त्यो त्येचा फोटो. उभ्या जन्मात पयल्यांदा माज्या भावाला कुनीतरी गेला म्हनलं, तीनशे मानसं उबी ऱ्हायली त्येच्यासाटी. आता तुमी खोडता म्हनता."

"काकूंना माहीत आहे?"

"न्हाई. लग्नात उखान्यात नाव घेतलं तिनं, त्ये मेलेल्याचं. कसं सांगू? आई हुती तवर एकट्यात मला म्हादू म्हनायची. ती गेली. तवापासनं म्हादूला कुनी हाक मारल्याली न्हाई."

मला रडायला येत नाही. मला कामं सुचतात. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाले, "काकू दळण घेऊन आल्या की सांगा. चहा करायला लावा, आणि चहा पीत सांगा. मी थांबू का?"

"नगं," ते म्हणाले. ऐंशीच्या पुढचा माणूस, त्यांचे हात लहान पोरासारखे गुडघ्यांत दाबलेले होते. मी स्कुटी सुरू केल्यावर ओरडून म्हणाले, "क्लार्कीणबाई, कुटं लिवलंत तर नावं बदला! नावं बदलायची आमाला सवय हाय!"

वाटेत राधाकाकू डोक्यावर पिठाचा डबा घेऊन येताना दिसल्या. "झाली का सई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घरी जा काकू, ते वाट बघतायत." परतीच्या वाटेवर ऊस दोन्हीकडे गप्प होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते तेव्हा फोन वाजला. राधाकाकू.

"त्यो कागूद फाडा," त्या म्हणाल्या. आवाज बसलेला होता.

"सांगितलं का त्यांनी?"

"सांगितलं. साठ वर्सं झाली बाई, ह्यो मानूस झोपंत 'हजर, हजर' म्हनतोय. मला वाटायचं, लहानपनी मास्तरानं लय मारला आसंल." मग काकू एकदम घसा साफ करून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता आयका. कै. ऱ्हाऊ द्या, त्ये भावजींचं हाय. पर त्येच्या खाली म्हादूचं नाव घाला. आन त्येच्या म्होरं श्री. लावा. लांबनं दिसंल आसं."

संस्थेच्या कागदावर दानकर्ते दत्तात्रयच राहतील, त्याला मी हात लावणार नव्हते. पण दगडाला आधार कार्ड लागत नाही. सभासदांना काय सांगायचं तेही ठरलं. कै. दत्तात्रय हे दानकर्त्यांच्या घरातले, नाव एकच. हे काही खोटं नाही. मी तवा उतरवला, हात पुसले आणि साताऱ्याला अक्षरं कोरणाऱ्याला फोन लावला.

"पाटीत एक ओळ वाढवायची आहे."

"आन त्ये कै. खोडायचं हुतं न्हवं, मॅडम?"

"ते बरोबर आहे. खाली लिही: धाकटे बंधू श्री. महादेव गोविंद यांजकडून."

"ह्ये कोन? ह्येंचं नाव कवा ऐकलं न्हाई."

"आहेत," मी म्हटलं. "तू अक्षरं मोज."

त्यानं मोजली, मीही मोजली. जागा पुरत होती. मग मी घडी घातलेला कागद पर्समधून काढून चुलीपाशी नेला, पेटवला, डबा भरला आणि कामावर गेले.